त्या चार मुलांचे मनापासून आभार

गेल्या शनिवारी सदाशिव पेठेत आमच्या युद्ध-इतिहास मंडळाचं व्याख्यान होतं. विषय, डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धातली जमालपूरची (आताच्या बांगलादेशातलं) लढाई. वक्ते पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, म्हणजे जंगी पलटणीचे निवृत्त सुभेदार. ऐन वेळी पाऊस कोसळला, वीज गेली, लिफ्ट बंद पडली. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आणि आजोबा व्हीलचेअरवर!

शेजारच्या अमृततुल्यमध्ये थांबलेली चार मुलं आपणहून पुढे आली. "आजोबा, घट्ट धरून बसा," म्हणत त्यांनी खुर्चीसकट त्यांना वर नेलं. प्रत्येक वळणावर थांबून त्रास होत नाही ना, हेही विचारलं. वर पोचल्यावर एकानं गुडघ्यावर बसून आजोबांचे चिखलानं भरलेले बूट स्वतःच्या रुमालानं पुसले. फौजी माणसाला बुटांचं किती असतं, हे त्या पोराला कसं उमगलं असेल!

मग मोबाइलच्या उजेडात आजोबांनी सांगितलं, शरण या म्हणून धाडलेल्या पत्राला पाकिस्तानी कमांडरनं कागदात गुंडाळलेली गोळी पाठवून उत्तर दिलं होतं. मुलं मागे उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. आजोबांना खाली उतरवून, रिक्षात बसवूनच ती गेली. नावं विचारली तर नुसती हसली.

मुलांनो, मंडळातर्फे तुमचे खूप आभार. आजोबा तुमची चौकशी करतायत. पुढच्या व्याख्यानाला नक्की या.