जनरल थोरातांविषयी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, इंग्रज राजाच्या सैन्यात अधिकारी झालेल्यांचं कौतुक आपण कशाला करायचं?" प्रश्न वाजवी आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात आपल्या कोल्हापूरचे. १९२६ साली इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी महाविद्यालयातून कमिशन, म्हणजे राजाच्या सैन्यातली अधिकाऱ्याची नेमणूक, घेऊन आले. तेव्हा तिथे हिंदी, म्हणजे भारतीय, मुलांना वर्षाला जेमतेम दहा जागा. पुढे नेमणूकही ठराविक आठ पलटणींतच, कारण गोऱ्या अधिकाऱ्यावर हिंदी माणसाचा हुकूम चालणं सरकारला नको होतं. अशा सैन्यात ते वर चढले.

जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या अराकानात जपान्यांविरुद्ध कांगॉची लढाई झाली. ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर हिंदी होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं. हिंदी अधिकाऱ्याला रणात पलटण चालवता येईल का, ही शंका तिथे कायमची मिटली.

कोरियात १९५३ साली थोरात युद्धकैद्यांवर देखरेख करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते. तिथे कैद्यांनी आपला एक मेजर छावणीत अडकवून ठेवला, तेव्हा थोरात स्वतः आत शिरले आणि त्याला सोडवून आणलं.

पण मला ते सगळ्यात मोठे वाटतात ते एका अहवालामुळे. पूर्व कमांडचे प्रमुख असताना, ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) बचावाविषयी दिल्लीला लिहून पाठवलं. ऐन मॅकमहोन रेषेवर, म्हणजे चीनच्या सीमेवर, लढू नका, म्हणाले. पुढे फक्त छोट्या चौक्या ठेवा आणि खरी फळी मागे, जिथपर्यंत आपले रस्ते पोचतात तिथे उभारा. चिनी फौज डोंगर उतरून येईल तशी तिची रसद ताणली जाईल, आपली जवळ राहील. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' सराव घेऊन त्यांनी हेच पुन्हा मांडलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी मनावर घेतलं नाही. वरच्यांना नको असलेली गोष्ट सही करून कळवायला काय लागतं, हे नोकरी केलेल्या माणसाला विचार!

१९६१ मध्ये मावळते लष्करप्रमुख थिमय्या यांनी त्या जागी थोरातांचं नाव सुचवलं होतं, पण लष्करप्रमुख झाले थापर. थोरात निवृत्त झाले. पुढच्या वर्षी चीनच्या हल्ल्यात नेफात आपली फळी कोसळली आणि नेहरूंनी थोरातांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर बोलावून घेतलं.

राजाचं कमिशन त्यांनी घेतलं, ते मी लपवत नाही. तरी त्यांचा अभिमान मला वाटतो आणि वाटत राहील. तुझं मत वेगळं असेल तर मोकळेपणाने लिही.

तुझा,
बाबा