या वर्षी गौरी-गणपतीला येत नाहीये

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज ऐकला की पुढचं बोलता येत नाही, म्हणून लिहून कळवते. या वर्षी गौरी-गणपतीला मी येत नाहीये. वहिनीशी बोलून सगळं ठरवलंय. पुरणाचं आणि भाज्यांचं ती बघेल, आईने फक्त गौरी उभ्या करायच्या. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मात्र मी दोन दिवस आधीच घरी असेन. त्यासाठी रजा मागून घेतली आहे.

कारण पाखरी, इथली घोडी. तुम्ही तिला फोटोत पाहिलंय, ठेंगणी, भुऱ्या रंगाची. दौंडकडच्या एका मेंढपाळ कुटुंबाने बिऱ्हाड न्यायला टेंपो घेतला आणि तिला इथे तबेल्यात दिलं. ती भीमथडी तट्टू आहे बाबा, मराठ्यांच्या फौजेत होती त्याच जातीची. या जातीची आता सरकारदरबारीही वेगळी नोंद झाली आहे. तरी पाळणारी घरं कमीच होत चाललीत. म्हणून तिला नीट घडवायचं मी मनावर घेतलंय.

आई, आपल्या रानात मेंढ्या बसायला यायच्या ते आठवतं? तट्टांच्या पाठीवर मेंढ्या कोंडायची वाघुर, भांडी, पिशवीतून डोकी बाहेर काढलेली कोकरं आणि वर पाय बांधलेल्या कोंबड्या. तू त्यांच्या बायकांना कालवण द्यायचीस आणि मी तुझ्या पदराआडून तट्टांकडे बघत बसायची. बाबांनी मला उचलून एकाच्या पाठीवर बसवलं होतं आणि माझा पाय हातात गच्च धरून चालले होते. तो हात मला अजून जाणवतो.

पाखरीने असंच ओझं वाहिलंय, पण तिला खोगीर नको असतं. तिच्या खांद्यामागे, पाठीच्या उंचवट्यावर, पांढऱ्या केसांचा एक ठिपका आहे. ओझं घासून जखम झाली की बरी झाल्यावर तिथे पांढरे केस उगवतात. दुखायचं बंद झालं तरी तिच्या लक्षात आहे. आडमुठं जनावर म्हणून आधी मारणारे खूप असतात. इथे आम्ही आधी डॉक्टरांकडून पाठ, दात आणि खूर तपासून घेतले. एका दाढेची धार गालात रुतत होती, ती घासून घेतली. खोगीरही बदललं, कण्यावर न टेकणारं घेतलं.

मग नुसतं जमिनीवरचं काम. म्होरकीला लांब दोर लावायचा, हलका ताण द्यायचा आणि तिने एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी सैल सोडायचं. उशिरा सोडलं तर तिला काय बरोबर केलं तेच कळत नाही. चालणं, थांबणं, मागे सरणं, माझ्याभोवती गोल फिरून दिशा बदलणं, सगळं असंच. दोन्ही बाजूंनी शिकवावं लागतं, डावीकडून चालतं ते उजवीकडून आलं की ती नव्याने बुजते. रिकामं पोतं आधी हुंगायला द्यायचं, मग मानेवर, मग पाठीवर फिरवायचं. आता गादी आणि खोगीर ती उभ्याने ठेवू देते. तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा, दिसला की मात्र पोट फुगवते, कान मागे टाकते. मी एकच भोक आवळते, थोडं चालवते, तिने मान खाली सोडून तोंड चघळल्यासारखं हलवलं की मग पुढचं भोक. परवा पहिल्यांदा तिने तंग बांधलेला असताना दुडकी चाल धरली आणि पाठ ताठ केली नाही. मी तिच्या मानेला मिठी मारून रडले.

आता घोड्यांची निगा राखणारा सईस सणाला गावी जाणार, गावात ढोल आणि फटाके. अशात कुणी घाईने तंग ओढला तर तिच्या मनात पुन्हा तेच दुखणं बसेल. म्हणून मी थांबतेय, बाकी काही नाही. तुमच्यापेक्षा ती मोठी नाही, असं मनातसुद्धा आणू नका.

आणि घोड्यापायी अप्पांचं झालं ते मी विसरलेले नाही. त्यासाठीच हे सांगते: मी पाखरीवर बसणारच नाही. खोगीर धरून जनावराच्या वजनाच्या 20 टक्क्यांवर भार देऊ नये असा साधारण हिशेब असतो. ती 200 किलोच्या आसपास आहे, म्हणजे 40 किलो. तिच्यावर पुढे लहान मुलं शिकतील, तीही ती पाच वर्षांची झाल्यावर. मी जमिनीवरच, तिच्या खांद्याशी उभी असते, मागे कधीच जात नाही. डोक्याला हेल्मेट, पायात जाड बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय. राहायची खोली कोरडी आहे, गरम पाणी मिळतं, बाजरीची भाकरी आणि पिठलं मिळतं, दूधही. वजन वाढलंय माझं.

आता तुमचं. बाबा, गोठ्यावरचा पत्रा बघायला शिडीवर चढायचं नाही, मी माणूस सांगितला आहे, तो रविवारी येईल. साखर उपाशीपोटी तपासायची, चहा पिऊन नाही. ऑपरेशन होईपर्यंत अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, दुधाला शेजारचा पोरगा जाईल, त्याला सांगून ठेवलंय. आई, हरतालिकेचा उपास निरंकार करू नकोस, ब्लडप्रेशरची गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच, देव त्याने रागावत नाही. न्हाणीघरात नवं रबराचं पायपुसणं पाठवलंय, ते कपाटात ठेवायचं नाही, वापरायचं.

माझ्या वाटणीचे मोदक वहिनीच्या पोरांना द्या. करंज्या मात्र डब्यात ठेव आई, ऑपरेशनला येईन तेव्हा खाईन. गुरुवारी बाबांचा साखरेचा रिपोर्ट येईल, त्याचा फोटो लगेच पाठवा, आकडा कमी करून सांगू नका.

तुमची,
माई