‘आढळले नाही’ म्हणजे किती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बंद पडलेल्या खाणीखालच्या ओढ्याचे पाणी तपासले, ‘घातक धातू आढळले नाहीत’, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. बातमी खोटी नसते, पण अपुरी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१ आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. प्रयोगशाळेच्या पद्धतीला शिसे ०.०५ च्या खाली दिसतच नसेल, तर मर्यादेच्या चौपट शिसे असलेले पाणीही ‘आढळले नाही’ म्हणून सुटते.

त्याआधी बाटली. पॉलिथिनची बाटली सौम्य नायट्रिक आम्लाने आणि मग शुद्ध पाण्याने धुतलेली हवी. ओढ्यात खालून वर सरकत नमुने घ्यावेत, म्हणजे पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या बाटलीत येत नाही. विरघळलेले धातू मोजायचे तर पाणी तिथल्या तिथे ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळावे आणि मग सामू (pH, आम्लतेचे माप) २ च्या खाली जाईपर्यंत शुद्ध नायट्रिक आम्ल घालावे. हा क्रम उलटला, की आम्ल गाळाच्या कणांवरचे धातू सोडवते आणि आकडा फुगतो. आम्ल घातलेच नाही, तर लोखंडाचा साका बसताना आर्सेनिक, शिसे सोबत नेतो, काही धातू बाटलीलाच चिकटतात, आणि अहवाल निर्मळ येतो! न गाळलेल्या पाण्याची आम्ल घातलेली दुसरी बाटली एकूण धातूंसाठी, आणि पाऱ्यासाठी तिसरी, काचेची. सामू मात्र ओढ्याकाठीच मोजावा. प्रवासात तो बदलतो.

डोळ्यांवर भरवसा नको. दगडांवर नारिंगी साका दिसला की लोक घाबरतात, पण ते मुख्यतः लोखंड. खाणीतून येणाऱ्या पाण्यातले आम्ल थोडे सौम्य झाल्यावर ते बाहेर पडते. त्याच्या वरच्या अंगाला, जिथे आम्ल अजून तीव्र आहे, पाणी काचेसारखे स्वच्छ असू शकते आणि तांबे, जस्त, कॅडमियम त्यात विरघळलेले असते. खाणीच्या वरच्या बाजूचा नमुना नसेल, तर धातू खाणीतून आले की मुळात खडकातच होते, हे ठरवता येत नाही. कोरड्या दिवसांत टाकाऊ खडकांच्या ढिगांवर क्षार फुलतात. पहिल्या जोरदार पावसात ते एकदम ओढ्यात उतरतात. तेव्हाचा नमुना चुकला, तर वर्षभराचे चित्रच चुकते. प्रवाहही मोजावा: सेकंदाला ५० लिटर पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम जस्त म्हणजे दिवसाला ८६४ ग्रॅम. नुसत्या ०.२ वरून हे ध्यानात येत नाही.

मातीत घोटाळा बहुधा खुरप्यापासून सुरू होतो. जस्ताचा मुलामा असलेले खुरपे वापरले, की अहवालात जस्त हमखास. स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावे. मुले खेळतात तिथे वरचा ५ सेंटिमीटरचा थर, शेतात १५ ते २०. प्रत्येक तुकड्यातून दहाएक ठिकाणची माती एकत्र करून वाळवावी आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळावी. हाताला चिकटणाऱ्या बारीक मातीत शिसे सहसा जास्त असते, म्हणून मुलांचा प्रश्न असेल तर १५० मायक्रॉनची चाळणी लावावी. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने काम झटपट होते, पण ओल्या मातीत आकडा कमी येतो. शिवाय हे यंत्र ज्यांवरून धातू ओळखते त्या क्ष-किरणांच्या रेषांपैकी आर्सेनिक आणि शिशाच्या मुख्य रेषा जवळजवळ एकाच जागी पडतात, त्यामुळे शिसे भरपूर असेल तिथे आर्सेनिकचा आकडा प्रयोगशाळेतून पडताळूनच घ्यावा.

एक विनंती. अशी बातमी छापताना नमुन्याची जागा आणि तारीख, पाणी गाळले होते का, आम्ल घातले होते का, एवढे विचारून घ्यावे. आणि ‘आढळले नाही’ याच्यापुढे कंसात आकडा द्यावा: ‘०.०५ पेक्षा कमी’ की ‘०.००१ पेक्षा कमी’.

आपले,
माती-पाणी परीक्षण करणारे काही रसायनतज्ज्ञ