बाबांचा शून्य

प्रिय सुधा,

तुझं पत्र काल आलं. काकू न्हाणीघरात घसरल्यापासून दिवसभर खुर्चीतच असतात आणि त्या उठू लागल्या की तुम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, हे वाचून मला आमचंच घर आठवलं. म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा तापाने दहा दिवस झोपून होते ना, त्यानंतरची गोष्ट. ते घरात हिंडायला लागले, पण जरा डगमगत. मग आम्ही सगळेच त्यांच्या सेवेला लागलो. "बाबा, तुम्ही बसा, मी आणते." चष्मा हातात, पाणी हातात, पेपर हातात. तीन महिन्यांत अशी वेळ आली की भिंतीचा आधार घेतल्याशिवाय त्यांना कमोडवरून उठता येईना. आजाराने जेवढं नेलं नाही तेवढं आमच्या मायेने नेलं. हे मला अजून सलतं.

घरी फिजिओथेरपिस्ट आल्या. त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवली, बाबांना हात छातीवर घडी घालून बसायला लावलं आणि म्हणाल्या, अर्ध्या मिनिटात किती वेळा उठून बसता ते बघू. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुरुषाला निदान अकरा वेळा जमायला हवं. हात टेकला की गुण शून्य, असा त्या चाचणीचा नियमच आहे. बाबांनी तीनदा झोका घेतला, शेवटी हात टेकलाच. शून्य! जन्मभर गणित शिकवलेला माणूस, दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मात्र स्वतःच खुर्ची ओढून बसले. सुरुवातीला बैठकीवर जाड उशी ठेवली. खुर्ची उंच झाली की उठणं सोपं जातं, आणि ताकद आली की उशी काढायची. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, मग पुढे इतकं वाकायचं की नाक पायाच्या बोटांच्या बरोबर वर, त्याच रेषेत आलं पाहिजे. बहुतेक म्हातारी माणसं पाठ ताठ ठेवून उठायला बघतात आणि तिथेच अडकतात. बसताना धप्पकन बसायचं नाही, चार मोजत सावकाश टेकायचं. मांड्यांना खरं काम तिथे लागतं. आणि आकडे मोठ्याने म्हणायचे, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. श्वास कोंडला की रक्तदाब चढतो.

तू लिहिलंयस, "निदान थोडं चालवते." चालव गं, पण तेवढ्यावर थांबू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल तर आहेच, शिवाय दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायामही सांगितलेत. नेमकं हेच घरोघरी राहून जातं. तोलासाठी बाबा ओट्याला धरून टाचा उचलतात आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून दहा आकडे उभे राहतात. घरात मोजे आणि सैल सपाता मात्र बंद.

"आता या वयात काय ताकद येणार," असं काकू म्हणतील. बाबाही म्हणाले होते. 1990 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे देखरेखीखाली वजनांचा व्यायाम करून घेतला. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. हे मी बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "म्हणजे मी पोरगाच की!"

काकू पडल्यात, त्यामुळे आधी डॉक्टरांना विचार आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचंही बोल. पलंगावरून उठताना मिनिटभर कडेला बसू दे. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर घाबरू नकोस, पण सांध्यात कळ आली, छातीत दुखलं किंवा गरगरलं, तर तिथेच थांबायचं.

आणि एक, रागावू नकोस. दर पावलाला "जपून, जपून" म्हणणं सोड. त्याने भीती बसते, भीतीने हालचाल घटते, आणि पाय लटके पडले की माणूस पुन्हा पडतो. त्या उठताना दंड धरून ओढायचं नाही, बाजूला किंचित मागे उभं राहायचं आणि हात तयार ठेवायचा. मला हे शिकायला बाबांपेक्षा जास्त दिवस लागले. त्यांनी चष्मा मागितला की अजूनही माझे पाय आपोआप उचलतात.

परवा पुन्हा मोजलं. नऊ झाले, आणि दहाव्याला बाबा अर्धे उठलेले असताना वेळ संपली. मी नऊच लिहिले. त्यावर ते म्हणाले, अर्ध्याच्या वर उठलेलं असलं तर ते धरतात, त्या बाईंना फोन लाव. लावला. खरंच धरतात.

तुझी,
नीला