कॉम्प्युटर लॅबमधल्या अक्कांना

प्रिय अक्का,

मलप्रभा नदीवरचा आमचा प्रोजेक्ट जमा झाला. लॅबमध्ये तुम्हाला गाठून 'थँक्यू' म्हटलं असतं तर तुम्ही हात झटकून पुढच्या कामाला लागला असता, म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितेय.

आमचा गट तुम्हाला ठाऊकच आहे. एक कणकुंबीचा, दोघी खानापूरच्या, एक सौंदत्तीचा आणि मी येळ्ळूरची. एकत्र बसायचं म्हटलं की कुणाची तरी शेवटची बस आडवी यायची. सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर: 'फायनल', 'नवीन फायनल', 'हीच फायनल', आणि मधेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक.

तुम्ही गूगल डॉक्समध्ये एकच फाइल उघडून दिलीत आणि दम भरलात: दुसऱ्याचं वाक्य परस्पर खोडायचं नाही, 'सजेस्टिंग'मध्ये जाऊन सुचवायचं. ठेवायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. तेव्हा ही नसती कटकट वाटली होती.

कळसा-भांडुराच्या, म्हणजे म्हादईच्या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवायच्या योजनेच्या, पानावर तिचा उपयोग कळला. सौंदत्तीवाल्याला पाणी हवं, त्यांच्याकडे सगळी भिस्त मलप्रभेच्या नविलतीर्थ धरणावर. कणकुंबीवाल्याला जंगलाची काळजी. मलप्रभेचा उगमच त्याच्या गावात. समोरासमोर असते तर आवाज चढले असते. इथे भांडण समासात झालं. एकाने लिहिलं, २०१८ साली म्हादई पाणीतंटा लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. लगेच बाजूला कमेंट: 'त्यातलं ८.०२ विजेसाठी. मलप्रभेत वळवायचं ३.९च. फोड करून लिही.' सौंदत्तीवाल्याचं उत्तर कन्नडमधून (आम्हाला वाचता येतं), त्यावर पुन्हा उत्तर. शेवटी दोन्ही बाजू आपापल्या परिच्छेदात राहिल्या. माझ्या मते प्रोजेक्टमधला तोच भाग वाचण्यासारखा आहे.

पावसाळ्यात कणकुंबीला रेंजचा भरवसा नाही. तुम्ही त्याच्या मोबाइलवर फाइल ऑफलाइन करून दिलीत. तो घरी लिहून ठेवायचा, रेंजमध्ये आला की सगळं आपोआप वर चढायचं. तरी 'यानं काही केलंच नाही' अशी कुरबुर निघालीच. तुम्ही व्हर्जन हिस्टरी, म्हणजे कुणी कधी काय लिहिलं त्याची नोंद, उघडलीत आणि काही न बोलता स्क्रीन आमच्याकडे वळवलीत. त्याच्या नावाचा रंग पानभर पसरलेला. कुरबुर करणाऱ्या दोघींनी त्याला कँटीनमध्ये चहा पाजला.

आणि हो, कितीही विनवण्या केल्या तरी तुम्ही एक ओळसुद्धा लिहून दिली नाहीत. रागच आला होता. आभार त्याचेही.

खालच्या वर्गातल्या पोरींना तुमच्याकडे पाठवलंय. त्यांच्या फाइलवर मला 'कमेंटर' करून ठेवा, एवढी विनंती.

तुमची,
येळ्ळूरची विद्यार्थिनी