आवाज थंड इंजिनाचा ऐका, मग निदान करा

महोदय,

दसरा झाला की आमच्या कोकणात गॅरेजांना उसंत नसते. पावसाळाभर मांडवाखाली उभ्या राहिलेल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात आणि त्यांतल्या बऱ्याच ‘इंजिनातून आवाज येतोय’ म्हणून मिस्त्रीकडे जातात. यंदा माझीही गेली. तेव्हा जे घडलं ते इतर गाडीवाल्यांच्या उपयोगी पडावं आणि गॅरेजवाल्यांनीही वाचावं, म्हणून हे पत्र.

माझी मारुती ८०० ही १९९४ सालची, कार्बोरेटरची, तीन सिलिंडरची. आम्ही दोघांनी पतपेढीचं कर्ज काढून घेतलेली. हे गेल्यापासून मीच चालवते. जूनच्या पहिल्या आठवड्यात लेकीकडे नागपूरला गेले ती घटस्थापनेच्या आदल्या दिवशी परतले. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जाताना गाडीवर ताडपत्री घट्ट आवळून गेले होते आणि तिथेच चुकले, कारण जमिनीची ओल आतच कोंडून राहिली. ताडपत्री काढली तर स्टिअरिंगवर बुरशी, आणि बॉनेट उघडलं तर जिथे जिथे उघडं लोखंड तिथे तांबूस गंज.

बॅटरी चार्ज करून घेतली, ऑइल पाहिलं, सेल्फ मारला. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली आणि त्याबरोबर टक्-टक्-टक् असा आवाज. पहिले दोन-तीन सेकंद असा आवाज आला तर मी घाबरत नाही. गाडी फार दिवस उभी राहिली की वरचं ऑइल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ते परत वर चढेपर्यंत टॅपेट, म्हणजे झडपा उघडणारे वरचे भाग, वाजतातच. पण हा थांबेना. ऑइलचा दिवा मात्र लगेच विझला होता. तशीच गॅरेजला निघाले. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वाढे, पण पंधरा मिनिटांनी गॅरेज येईपर्यंत तो निम्म्यावर आला होता. हे मी तिथे दोनदा सांगितलं. कोणी कानावर घेतलं नाही.

तिथल्या मुलाने प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. मधल्या सिलिंडरची वायर काढली की आवाज बंद. झालं! “बाई, बिगएंड बेअरिंग गेलंय. इंजिन उतरवावं लागेल, अडतीस हजार धरून चाला. नाहीतर भंगारात घाला.” बिगएंड म्हणजे पिस्टनचा रॉड खाली क्रँकला, इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, जिथे जोडलेला असतो ती जागा. सगळं मिळून दहा मिनिटं. मी गाडी घेऊन घरी आले आणि त्या रात्री जेवले नाही.

आमच्या वाडीत एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले एक मिस्त्री राहतात. संध्याकाळी ते आले, बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, “गरम आहे. आज काय कळायचं नाय. ऱ्हाऊ दे रात्रभर.” सकाळी सात वाजता गाडी सुरू केली तर टकटक पुन्हा पहिल्याइतकी ठणठणीत. आधी त्यांनी बेल्ट उतरवला आणि अर्धा मिनिटच इंजिन चालवलं. आवाज तसाच, म्हणजे अल्टरनेटर आणि वॉटर पंपाचं बेअरिंग यादीतून गेलं. मग लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं, नंतर खाली चेंबरवर. मलाही ऐकायला लावलं. वर नेहमीची बारीक खुटखुट होती, खाली काहीच नाही. बेअरिंग वाजत असतं तर खाली घणासारखा ठोका लागला असता, असं ते म्हणाले.

नंतर घरातली जुनी गॅसची रबरी नळी घेतली. एक टोक कानात, दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळकांड्याच्या, कडेने सावकाश फिरवत नेलं. मधल्या सिलिंडरपाशी ते थांबले आणि नळी माझ्या हातात दिली. कानात फट् फट् अशी हवा आपटत होती. इंजिन बंद करून निवल्यावर वरचा पत्रा काढला, तर मॅनिफोल्ड जिथे हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, बसतो तिथे बोटभर काळी काजळी, दिव्याच्या काचेवर धरते तशी. सांधा घट्ट बंद ठेवणारं मधलं गॅस्केट त्या जागी जळून गेलं होतं आणि दोन नट हाताने फिरतील इतके सैल.

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, फोर स्ट्रोक इंजिनाची आकृती किती वेळा फळ्यावर काढली त्याची गणती नाही, आणि तरी गॅरेजमध्ये मला हे सुचलं नाही याचं वाईट वाटतं. क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच पेटतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एका सिलिंडरचा जळका वायू ४०० वेळा बाहेर पडतो. त्या सिलिंडरच्या एका टॅपेटचा ठोकाही ४०० वेळाच पडतो. म्हणून फुटक्या गॅस्केटचा आवाज थेट टॅपेटसारखा वाटतो. प्लगची वायर काढली की सिलिंडर पेटत नाही, मग फटीतून जोराने फेकायला वायूच उरत नाही आणि आवाज बसतो. बिगएंडचा ठोकाही वायर काढल्यावर कमी होतो, कारण त्या रॉडवरचा भार जातो. म्हणजे त्या मुलाची चाचणी खरी होती, पण तिची उत्तरं दोन होती आणि त्याने महागडं तेवढं उचललं. दोन्हींत निवाडा करतं ते तापमान. धातू तापून फुगला की फट मिटत जाते आणि आवाज उतरतो. बेअरिंगचं उलट असतं, ऑइल तापून पातळ झालं की ठोका वाढतो. मी दोनदा सांगितलं होतं ते नेमकं हेच.

नट ज्यावर बसतात त्या गंजलेल्या स्टडवर त्यांनी गंज सोडवणारं तेल दोन रात्री मुरू दिलं, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि त्यात स्टड तुटला असता तर खरोखरच हेड उतरवावं लागलं असतं. नवं गॅस्केट, नट आणि त्यांनी मोठ्या मुश्किलीने घेतलेली मजुरी धरून साडेसातशे रुपये झाले. इंजिन ऑइलही बदललं, ते वेगळं.

प्रत्येक आवाज असा स्वस्तात सुटतो असं मी म्हणत नाही. जड ठोका असेल, गाडी तापल्यावर तो वाढत असेल, किंवा ऑइलचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी एक फूटही चालवू नका, ओढून न्या. वायरी काढण्याचा प्रयोगही घरी करू नका. त्यात विजेचा जोराचा झटका बसतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) असलेल्या गाड्यांत न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो बिघडतो.

पण पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीचे पैसे भरून जी माणसं ती सांभाळतात, त्यांच्यासाठी हा गावात, दवाखान्यात, बँकेत जायचा एकमेव आधार असतो. त्यांना इंजिन उतरवायला सांगण्याआधी गाडी एक रात्र ठेवून घ्या आणि सकाळी मालकासमोर थंड सुरू करा, एवढी माझी गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती आहे. आयटीआयच्या शिक्षकांनीही ती रबरी नळी मुलांच्या कानाला एकदा लावून द्यावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
देवरुख, जि. रत्नागिरी