साइड ड्रम वाचायलाही शिकवावा

महोदय,

प्रजासत्ताक दिन जवळ आला की आमच्या दर्यापूर तालुक्यातील शाळांच्या पटांगणांवर संचलनात दोन काड्यांनी वाजवायच्या साइड ड्रमचा सराव सुरू होतो. मोठ्या मुलाने वाजवावे आणि लहानाने ऐकून उचलावे, हीच पद्धत असल्याने एकाची चूक पुढच्या तुकडीतही तशीच उतरते. मी ज्या शाळेत हौसेने शिकवतो, तेथे गेल्या वर्षी संचलनात लय इतकी चढली की शेवटची रांग अक्षरशः पळत होती.

या वाद्याची लिपी अवघड नाही. सुरांचा चढउतार नसल्यामुळे चिन्हे एकाच उंचीवर राहतात. वाचायचे ते काळमान, जोराच्या आघाताची खूण आणि कोणता हात, एवढेच. उदाहरणार्थ, ‘पॅराडिडल’ हा हातांच्या क्रमाचा एक प्रकार म्हणजे उजवा, डावा, उजवा, उजवा आणि लगेच डावा, उजवा, डावा, डावा. भजनी मंडळात तबला ऐकत वाढलेल्या मुलांना हे एका दुपारी कळते. हाताला मात्र महिने लागतात. बाकावर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ठोकून, मोबाइलमधील मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे साधन) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून, दोन्ही हातांचा आवाज सारखा येईपर्यंत आम्ही हेच घोटतो (डावा हात बहुधा आळशीच निघतो).

अमेरिकेतील पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवाद्यांच्या संस्थेने १९८४ मध्ये असे ४० मूलभूत प्रकार निश्चित केले. सगळ्यांची गरज नाही. शिक्षण विभागाने त्यांपैकी आठ-दहा प्रकार ‘उ’ आणि ‘डा’ अशा मराठी खुणांसह छापून शाळांना द्यावेत.

– एक निवृत्त शिक्षक, ता. दर्यापूर, जि. अमरावती